रविवारचं पंक्चर

(उस्मानपुरा. लिफ्ट नसलेल्या इमारतीतला दुसरा मजला. निवृत्त शिक्षिका रत्नमाला आणि तिची जुनी विद्यार्थिनी तनुजा रविवारच्या सायकल फेरीहून नुकत्याच परतल्या आहेत. रत्नमालाचे यजमान धोंडिबा चहा गाळत आहेत.)

रत्नमाला : गुडघा झिजलाय ते मला कशाला सांगता? डॉक्टरांना सांगा. आज दौलताबादचा घाट चढून आलेय मी. वर गेले, चहा प्याले, खाली उतरले. गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही.

धोंडिबा : अन् आता घराचा जिना चढताना दर वळणाला थांबली, ते कोण सांगणार डॉक्टरला?

रत्नमाला : मी कुठं थांबले? तुमची चप्पल निसटली म्हणून थांबले.

धोंडिबा : व्हय. माझी चप्पल लई वाईट.

तनुजा : काका, नवी घेऊन टाका ना.

धोंडिबा : हीच बरी हाय मला. घे, चहा घे. साखर कमी वाटली तर सांग.

रत्नमाला : बसून पी गं. उभ्यानं काय चहा पितेस?

धोंडिबा : तू बस की आधी. आल्यापासून खिडकी ते दार, दार ते खिडकी चाललंय.

रत्नमाला : बसलं की उठावं लागतं.

तनुजा : हॉस्पिटलचा फोन कधी येणारे?

धोंडिबा : येईलच आता. ऑपरेशनला बुधवारची जागा धरून ठेवलीय त्यांनी. हो म्हणलं तर आजच जाऊन तपासणीला रक्त द्यायचं. नाय म्हणलं तर जागा दुसऱ्याला. हिनं दोनदा 'कळवते' म्हणून फोन ठेवलाय.

रत्नमाला : विचार करत होते.

धोंडिबा : गुडघा झिजला, विचार झिजंना.

रत्नमाला : तनुजा, तू इंजिनिअर आहेस, तूच सांग. एक मशीन आहे. त्याचं एक काम बिघडलंय, दुसरं झकास चालू आहे. बिघडलेलं दुरुस्त करण्यासाठी चालू असलेलं कापायचं? असं करता तुम्ही कंपनीत?

तनुजा : बाई, मशीनचं वेगळं असतं हो.

रत्नमाला : वेगळं काही नाही. मला चालताना दुखतं, जिन्यात दुखतं. सायकलवर बसले की गुडघा गप्प. डॉक्टर म्हणतात वाटी बदलू, चालाल, जिना चढाल, सपाट रस्त्यावर सायकलसुद्धा चालवाल. बरं. म्हटलं, आणि घाट? तर म्हणाले, 'बघू.'

तनुजा : मग 'नाही' तर नाही म्हणाले ना?

रत्नमाला : 'बघू' म्हणजे काय ते मला विचार. सहल न्यायची नसली की मी वर्गाला 'बघू' म्हणायचे.

तनुजा : खरंच! आम्हाला वेरूळला नेणार होतात.

रत्नमाला : नेलं का?

तनुजा : नाही.

रत्नमाला : तेच तर. आणि पायडल पुरं फिरायला गुडघा बराच वाकावा लागतो. ऑपरेशननंतर तेवढा वाकला नाही, तर पाय वर येऊन अडणार. अर्धं फिरवायचं, मागं आणायचं, पुन्हा अर्धं. त्याला काय सायकल म्हणतात? त्यापेक्षा लंगडत चाललेलं परवडलं.

धोंडिबा : तुला परवडतंय.

रत्नमाला : म्हणजे?

धोंडिबा : काय नाय.

रत्नमाला : बोला की. पोरगी घरचीच आहे.

धोंडिबा : कडूबाई पैठणला खाटेवर पडून हाय. सख्खी बहीण हिची. ही गेली नाय.

रत्नमाला : फोन करते मी रोज.

धोंडिबा : फोन करती. जात नाय, कारण एसटीची पायरी उंच. विहारात जायचं सोडलं, खाली बसता येत नाय अन् खुर्ची मागायची लाज. आता तनुजा, लोकाला काय दिसतं? बाई बहिणीला बघाया जात नाय, वंदनेला येत नाय, रविवारी पहाटे टोपी घालून सायकलवर मात्र बरोबर दिसती. लोकं मला विचारतात. मी काय सांगू?

रत्नमाला : सांगायचं, तिला सायकल आवडते.

धोंडिबा : सांगतो की. तेच सांगतो. सायकल खाली नेतो मीच. आधी सायकल ठिवून येतो, मग वर येऊन हिला नेतो. दोन्हींत सायकल हलकी.

तनुजा : काका!

रत्नमाला : हसू नकोस तू. आणि तुम्ही, सायकलीला काही बोलू नका.

धोंडिबा : मी कशाला बोलू? मीच आणली होती पहिली. सिटी चौकातून, पगार झाल्या दिवशी.

रत्नमाला : हो, आणलीत. त्याआधी म्हणत होतात एसटीनं जा. चिकलठाण्याच्या पुढं शाळा, एसटी आली तर आली. आणि फाट्यावर उभं राहिलं की चौकशी सुरू. बाई कुठल्या? आडनाव काय? गावातलं घर कुणीकडं? आडनाव सांगितलं की बाकावर लांब सरकून बसायचे. तनुजा, सायकलवरच्या बाईला कुणी काही विचारत नाही गं. विचारेपर्यंत ती पुढं गेलेली असते.

तनुजा : हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

रत्नमाला : बोलायला थांबावं लागतं. आणि मी काही हट्ट करत नाहीये. घाटात मागं पडले असते तर मीच म्हटलं असतं, चला, कापा. पण पडले का आज मागं? सांग यांना.

तनुजा : नाही बाई. बरोबरच होतो आपण.

रत्नमाला : ऐका. आणि आमच्या फेरीतला तो ऋतुराज, माझ्या निम्म्या वयाचा, तो तर माझ्याही मागं राहतो. मांड्या बघाल तर खांबासारख्या, जोर काहीच नाही.

धोंडिबा : मग एवढा उशीर का झाला आज?

रत्नमाला : हिच्या पंक्चरमुळं. तनुजा, टायर बदल बाई आता. घाटातलं दुसरं वळण आलं रे आलं की हिचं पुढचं चाक बसलंच. दिवाळीपासून बघतेय. दर रविवारी.

धोंडिबा : दर रविवारी पुढचंच?

तनुजा : काटे असतात हो काका तिथं. बाभळी आहेत ना.

धोंडिबा : असतील. पोरी, तू खाली सायकल लावलीस तवा मी दाबून बघितलं तुझं चाक. दगडासारखं हाय.

रत्नमाला : पंक्चर काढल्यावर घट्टच असणार.

धोंडिबा : काढलं कुणी?

रत्नमाला : तिनंच. आम्ही सगळे कट्ट्यावर बसलो होतो, ही तिकडं झाडाखाली चाक काढून बसली.

धोंडिबा : अन् हात कुठं धुतले? घाटात पाणी हाय का?

तनुजा : काका, चहा मस्त झालाय. आलं घातलंत का?

रत्नमाला : तनुजा, हात दाखव.

तनुजा : बाई...

रत्नमाला : दोन्ही. पालथे कर. नखं?

तनुजा : मी सांगणार होते.

रत्नमाला : घंटी कोण वाजवतं?

धोंडिबा : कसली घंटी?

रत्नमाला : सांग त्यांना. नियम तोंडपाठ आहे ना तुला?

तनुजा : काका, बाईंचाच नियम आहे. नवीन माणूस घाटात दमतो. त्याला कुणी 'दमलास का' विचारायचं नाही. विचारलं की तो लाजतो आणि पुढच्या रविवारी येत नाही. मागच्यानं घंटी दोनदा वाजवायची आणि पुढच्यानं पंक्चर झालं म्हणून उतरायचं. तेवढ्यात सगळे बसतात, त्याचा दम परत येतो. मी नवीन होते तेव्हा बाईंना दर रविवारी पंक्चर व्हायचं. मला वर्षभर वाटत होतं, बाईंची सायकल भंगार आहे.

धोंडिबा : अस्सं. अन् मी हिच्यासाठी नवीन ट्यूब आणून ठेवायचो.

रत्नमाला : घंटी कोण वाजवतं, विचारलं मी.

तनुजा : ऋतुराज.

रत्नमाला : म्हणून मागं राहतो.

तनुजा : हो.

रत्नमाला : म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.

तनुजा : बाई, कुणी काही बोलत नाही. सगळ्यांना तुम्ही यायला हव्या आहात, म्हणून.

रत्नमाला : सायलीला? ती तर आत्ता आली आपल्यात.

तनुजा : तिलाही.

धोंडिबा : अगं, हळू. टेबलाला धर. कुठं चाललीस?

रत्नमाला : कुठं नाही. खिडकी लावते.

धोंडिबा : लावलेलीच हाय.

रत्नमाला : मग उघडते. तनुजा, सरळ विचारते, सरळ सांग. पंक्चर झालं नसतं, तर आज मी वर पोचले असते?

तनुजा : बाई, तसं कसं सांगता येईल...

रत्नमाला : 'बघू' म्हणू नकोस.

तनुजा : नाही. नसता पोचलात. दुसऱ्या वळणाला तुमचा उजवा पाय नुसता ठेवलेला असतो पायडलवर. सगळं डाव्यावर चाललेलं असतं. मागून दिसतं ते.

रत्नमाला : मागून दिसतं.

तनुजा : रागावलात?

रत्नमाला : हो.

धोंडिबा : पोरीवर नको रागवू. शिकवलंस तेच केलं तिनं.

रत्नमाला : तिच्यावर नाही. चांगलं केलं तिनं. मला कळलंसुद्धा नाही. फोन वाजतोय.

धोंडिबा : मी सांगू का, संध्याकाळी कळवतो म्हणून? जरा वेळ घे. मी सांगतो त्यांना.

रत्नमाला : आणा इकडं. हॅलो. हो सिस्टर, मीच बोलतेय... बुधवार ना? हो, धरा... नाही, नक्की. आता नक्की... रक्त द्यायला निघतोच आम्ही. उपाशीपोटी नको ना? चहा झालाय... बरं. आणि एक निरोप द्या डॉक्टरांना. मी घाटाचं विचारलं होतं, त्यांनी 'बघू' म्हटलंय. म्हणावं, मी शिक्षिका आहे, मी विसरत नाही... हसताय काय? द्या निरोप. ठेवते.

धोंडिबा : ठरलं म्हणायचं?

रत्नमाला : ऐकलंत ना? पिशवी घ्या, एक्स-रे त्यातच आहे. आणि बरं वाटल्यावर आधी पैठण. कडूबाईला तसं कळवा. एसटीनं येते म्हणावं.

तनुजा : बाई, मी पुढं होऊन रिक्षा थांबवते. तुमची सायकल खाली नेऊ का? माझ्याकडं ठेवते, तेलपाणी करून.

रत्नमाला : नको. इथंच राहू दे, खाटेवरून दिसेल अशी. आणि ऐक. पुढच्या रविवारी सायलीकडं लक्ष ठेव. ती दमते आणि हसून लपवते. पंक्चर कर तिच्यासाठी.

तनुजा : करते.

रत्नमाला : चेनला बोटं घासून ये मात्र. काळे हात दिसले पाहिजेत. एवढी वर्षं झाली तरी तुला खोटं नीट बोलता येत नाही.

तनुजा : हो बाई. जयभीम काका, या तुम्ही सावकाश.

धोंडिबा : जयभीम. चल, धर माझा हात. डावा पाय आधी घेतेस का उजवा?

रत्नमाला : उजवा. खाली उतरताना उजवा आधी. रोज विचारता.

धोंडिबा : रोज इसरतो. हां. अजून एक पायरी. झालं, आलं वळण. थांब थांब, माझी चप्पल निसटली.

रत्नमाला : चप्पल पायातच आहे तुमच्या. मला दुखतंय. थांबा जरा इथं.