आमच्या दुकानाचं नाक

आपोआप? आपोआप बंद पडला म्हणता? ताई, तीस वर्षं हेच करतोय, पण आपोआप जळलेला अ‍ॅम्प्लिफायर अजून माझ्या टेबलावर आलेला नाही — वर विणलेला रुमाल घातला होता ना? नाही? मग झरोक्यात हा गुलाबी धागा काय त्याला फुटला? हा कपॅसिटर बघा, पोट कसं सुटलंय, फुकटचं जेवून आल्यासारखं — आणि शेजारचा रेझिस्टर, त्याचा पार कोळसा झालाय बिचाऱ्याचा. आणि तुम्ही मघापासून नाक का मुरडताय? समोरच्या दुकानातून आलात ना? खरं सांगा. समोरचा तो माझा मेहुणा — बायकोचा धाकटा भाऊ, माझ्याच हाताखाली शिकला — आता कॅमेरा घेतलाय त्यानं, कुठला भाग तापलाय ते पडद्यावर लाल दिसतं म्हणे. त्यानंच पाठवलंय तुम्हाला, माझं नाक तपासायला.

तपासा की! या नाकावर दुकान चाललंय. खोकं उघडायच्या आधी सांगायचो — कपॅसिटर गेला तर मासळीसारखा वास, ट्रान्सफॉर्मर गेला तर वार्निशचा. ही, बायको माझी, नुसती शेजारी बसायची. बसून टेबलावर बोट वाजवायची. एकदा वाजवलं की कपॅसिटर, दोनदा वाजवलं की — हे कशाला सांगतोय मी तुम्हाला? सवय होती हो तिला, बाकी काही नाही. असं बघू नका. बरं, चार वर्षांपूर्वी ताप आला मला. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. तेव्हापासून वास ती घ्यायची, बोट वाजवून मला सांगायची — एका गिऱ्हाइकाला पत्ता लागू दिला नाही तिनं. आणि मी काय केलं? गेल्या महिन्यात एकजण म्हणाला, काका, काय नाक आहे तुमचं, काकूंनाही शिकवा थोडं — तर मी हसून म्हणालो, हिला काय कळतंय त्यातलं! झालं. बोट थांबलं. पर्स उचलली, रस्ता ओलांडला, भावाच्या काउंटरला जाऊन बसली. ती बघा, आजही इकडे पाठ. चुकलं हो माझं. तिच्याशिवाय मला काही सुचत नाही. पण सांगायला जाऊ कुठल्या तोंडानं?

काय? मागे काय दाखवताय? हां — मी वळलो की तुम्ही आतला बोर्ड बदलणार, मग म्हणणार काकांनी ढापला. ओळखून आहे मी असल्यांना — धूर? कुठाय धूर? अरे देवा! सोल्डरिंग आयर्न चालूच राहिलं — तिच्या खुर्चीवर — रिकामी म्हणून सामान ठेवायला लागलो आणि — उशी गेली तिची! थांबा, पाणी नको, प्लग काढतो आधी — काढला. कधीपासून येतोय हा वास? तुम्ही आल्यापासून? म्हणून नाक मुरडत होतात? अहो, मग बोलायचं नाही का! मी बोलू दिलं नाही — हो, तेही खरंच.

तो पंखा लावा. माझ्याकडे नको, रस्त्याकडे फिरवा त्याचं तोंड. दार सताड उघडा. तिला कुणी सांगायला नको, काय जळतंय ते ती तिथं बसून ओळखेल. बघा ना, मान वळली का? मला नाही बघवत. उठली? खरंच उठली? ताई, अ‍ॅम्प्लिफायर राहू दे इथंच, उद्या या. तुम्ही निघा आता. निघा हो. आणि दार लावू नका.