सौम्याची गोळी आणि आत्याबाईंचं वाटप

...अवो, भाजीची वाटी शेजारी दिली तर समजू शकते मी, पण गोळी? डॉक्टरनं लिवून दिलेली गोळी कुणी वाटतंय व्हय? आमच्या वडगावात वाटतात! घराघरात कापडाचे माग खडखडायलेत, त्या खडखडाटात भिंतीवरनं वरडून इचारायचं, "गुण आला व्हय गं? मग एक दे की मलाबी!" झालं, गेली गोळी भिंतीपल्याड...

तर तुमास्नी सांगते, माझी सौम्या, सहावीला. डोस्क्यानं हुशार, पण ध्यान म्हणून एका जागी ठरंना. पाढा म्हणता म्हणता पाल बघायची, पाल बघता बघता मागाचा तुटलेला धागा बघायची... मास्तर म्हणायचे, "वांड हाय!" समताताई डॉक्टरांनी मातर नीट तपासलं, आमास्नी धा प्रश्न इचारले, आन् म्हणाल्या, "वांड नाही हो, आजार आहे. ही गोळी सकाळी एक, आणि फक्त हिलाच." आन् पोरगी बसली की वो पुस्तक घेऊन! मी पदर डोळ्याला लावला. त्या ताईंचं भलं हुंदे!

पण आमच्या सासूबाई, अंबुबाई, मी आत्याबाई म्हणते त्यास्नी! त्यास्नी वाटलं, ही अभ्यासाची गोळी. माझा दीर विक्रम फौजदाराच्या परीक्षेला बसलेला. परीक्षेच्या सकाळी आत्याबाईंनी काय करावं? सौम्याच्या डबीतली गोळी चुरून दुधातनं दिली की त्याला! मायेनंच वो... पण त्याला ल्हानपणापासनं छातीत धडधडायची तक्रार, हे माय इसरली!

जरा वेळानं विक्रम सुरू! घाम फुटलाय, हात थरथरायलेत, आन् माझ्या मागं मागं, "वयनी, कायद्याचं कलम सांगू? सांगू कलम?" कुणी इचारलंय तुला? आत्याबाई खूश! "बघ गं, कसं भराभरा आठवायलंय! आनी एक घे रं, वाटंला." आन् ह्यानं गोळी तोंडात टाकली...

तवर सौम्या चप्पल घालता घालता किंचाळली, "काका, थुक! माझी गोळी हाय ती! पयलीबी आजीनं दुधात घातली, मी बघितलंय!" विक्रमनं पटदिशी गोळी थुकली.

"मग मगाशी का न्हाय सांगितलंस गं?" मी इचारलं.

"सांगणार हुते, पण मधीच मांजर आलं!"

तशीच रिक्षा केली. दवाखान्यात ताईंनी विक्रमला झोपवलं, छातीला मशीन लावलं, त्यो निवांत होईस्तोवर हालल्या न्हाईत. "दुसरी पोटात गेली असती तर..." म्हणाल्या आन् परत मशीन बघाय लागल्या. आत्याबाई विक्रमचं डोस्कं कुरवाळत रडाय लागल्या, "मीच मारत हुते की गं माझ्या लेकराला!" मलाबी रडू आवरंना. परीक्षा बुडाली. बुडूंदे! माणूस घरात हाय न्हवं? त्या ताईंचं भलं हुंदे, आन् माझ्या पोरीच्या धा ठिकाणी फिरणाऱ्या ध्यानाचं तर लईच भलं हुंदे!

घरी आल्या आल्या आत्याबाईंनी देवापुढं हात जोडून शपथ घेतली, "आता कुणाला गोळी देणार न्हाय!" आन् खरंच न्हाय दिली वो! पण दुसऱ्या दिवशी भिंतीवरनं शेजारची मालुबाई, "अंबुबाई, धसका घेतलासा म्हणं? ही माझी बीपीची गोळी घ्या, लई गुणाची!" आन् आमच्या आत्याबाईंनी आ केला!

"आत्याबाई, शपथ!"

"देणार न्हाय म्हटलंतं गं. घेणार न्हाय असं कुठं म्हटलंतं?"

आता तुमीच सांगा, डबीला कुलूप लावलं मी... ह्या तोंडाला कसं लावू?