चाक किती आत, चाक किती बाहेर

मंडळी, आज जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही! आताच सांगून ठेवतो. उद्या पारावर बसून म्हणाल, 'बुवांनी काल थापा मारल्या' — खुशाल म्हणा! पण ही गोष्ट इथली नाही. तीन तालुके पलीकडची आहे. म्हणजे खोटं पकडायला इथं कोणी नाही, आणि खरं म्हणायलाही कोणी नाही! माझं निम्मं काम देवानं आधीच सोपं केलंय.

हसताय? हसा. पण आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. माणसानं संसारात किती आत असावं? आणि किती बाहेर?

बोला की! फार आत शिरला, तर घरच्यांनाच घासतो. उठता-बसता कुरकुर! फार बाहेर आला, तर जगाला घासतो. जिथं जाईल तिथं भांडण! मग बरोबर जागा कुठली? साधुसंत या प्रश्नापायी अख्खा जन्म घालवतात आपला. आणि याचं उत्तर मला कुठं मिळालं म्हणता? देवळात नाही. मठात नाही. आंबेफाट्यावर, बशीरभाईच्या टायरच्या दुकानात!

पेटीवाले, असे बघू नका माझ्याकडे. सूर धरा. सूर खोटा नसला की पुरे, बाकीचं मी बघतो.

तर ऐका. आंबेफाटा म्हणजे घाटाच्या पायथ्याचा नाका. तिथं राहायचा हैबती केंगले. जीपवाला. माणूस सोन्यासारखा, पण घाई फार! जेवताना घास गिळायच्या आधी हात धुवायला उठायचा. आणि हैबतीची आई — चिमाबाई. ही सासुरवाशीण खाली आंबेफाट्याला आणि हिचं माहेर वर, घाटाच्या माथ्यावर, कारवीमाळ. तिथं तिचा एकच भाऊ, बुधाजी.

अकरा वर्षांपूर्वी घाटाचा रस्ता वाहून गेला. वाहून गेला म्हणजे काय — राहिला तो नुसता ओढा! गुडघाभर चिखल, त्यात माठाएवढाले धोंडे. चालत जायचं तर चिमाबाईचे गुडघे गेलेले. भाऊ खाली यायचा तर त्याला दम्यानं धरलेलं. मग भाऊबीज कशी व्हायची? ऐका हं! भाऊबीजेला चिमाबाई खालच्या माळावर उभी राहायची, हातात ताट घेऊन. वर कड्यावर बुधाजी येऊन बसायचा, मुंगीएवढा दिसायचा. ही खालून डोंगरालाच ओवाळायची! आणि तो वरून पटका काढून हलवायचा. त्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, ना तिनं, ना त्यानं. अकरा वर्षं!

कोण खोकतंय बायकांत? आजी, खोकला जरा धरा, गोष्ट नाजूक जागी आलीय.

तर त्या वर्षी चिमाबाई हैबतीला म्हणाली, "लेका, डोंगराला कुंकू लावून लावून डोंगर माझा भाऊ झाला. औंदा मला खऱ्या भावाच्या कपाळाला हात लावायचाय. त्याचा दमा वाढलाय म्हणं. पुढच्या बीजेचं कुणी सांगावं?"

हैबती म्हणाला, "आये, नेतो! टायर मोठी टाकतो, चिखल काय आणि धोंडा काय!"

आणि उचलली ना बशीरभाईकडनं चार टायर! एकतीस इंच उंच, साडेदहा इंच रुंद. खाचा अशा खोल की करंगळी आत गेली की शोधायला माणूस पाठवावा! दुकानातलंच एक जुनं पाचवं टायर मागं स्टेपनीला टांगलं, तर त्याच्या पोटात बशीरभाईची कोंबडी अंड्यांवर बसलेली! उठेना. चोच मारी. हैबती म्हणाला, "राहू दे, येईल घाट बघायला." आणि मंडळी, ती कोंबडी घाट चढली, घाट उतरली, आणि त्या स्टेपनीतच अकरा पिल्लं काढली!

नाही ना पटत? मी म्हटलंच होतं!

बरं. बशीरभाई म्हणाला, "हैबतीभाऊ, टायर मोठं घेतलंस, रिम कुठली बसवतो? बॅकस्पेस किती लागंल?"

हैबती म्हणाला, "भाई, मला घाट चढायचाय, परीक्षेला बसायचं नाही! जुनीच रिम चालंल."

आता हे बॅकस्पेस म्हणजे काय? ताई, ते आरतीचं ताट द्या इकडं. हे बघा — ही समजा रिम. तोंड जमिनीकडं, पाठ वर. रिमच्या पाठीवर, या काठापासून त्या काठापर्यंत एक लाटणं आडवं ठेवायचं. आत खाली ती सपाट जागा असते, जिथं रिम जीपच्या नटबोल्टांवर बसते. तिला म्हणू बैठक. लाटण्यापासून बैठकीपर्यंत जेवढी खोली, तेवढी बॅकस्पेस. झालं! खोली जास्त, तर चाक जीपच्या पोटात जाणार. खोली कमी, तर चाक बाहेर येणार. आणि रिमचा बरोबर मध्य धरला, तर बैठक त्या मध्यापासून जेवढी सरकलेली, त्याला म्हणतात ऑफसेट. बैठक बाहेरच्या अंगाला, की चाक आत! बैठक आतल्या अंगाला, की चाक बाहेर! उलटं वाटतं ना? संसाराचंही उलटंच असतं. बैठक बाहेर पारावर असणाऱ्याला शेवटी घरातच तोंड लपवावं लागतं!

ओ पाटील, तुमच्याकडं बघून नाही म्हटलं. तुम्ही का लाजला?

तर जुनी रिम साडेपाच इंच खोल. जुन्या बारक्या टायरला ती शोभत होती. तिच्यावर चढलं हे साडेदहा इंची धूड! हैबतीनं स्टेअरिंग फिरवलं — कर्रर्र! टायरची आतली कूस जाऊन घासली जीपच्या पाट्याच्या स्प्रिंगला. फाट्यावर रबराचा असा वास सुटला की म्हशींनी वैरण सोडली!

मग घाईवाल्या माणसाचं दुसरं टोक! "आत घासतंय? मग काढ सगळं बाहेर!" बशीरभाईकडच्या रिमांतली सगळ्यांत उथळ रिम उचलली, तीन इंची. चाकं अशी बाहेर आली, जशी नव्या पैलवानाची चाल! हैबतीनं अंगणात जीप फिरवली. डावीकडं, उजवीकडं. कुठं आवाज नाही. म्हणाला, "झालं काम!"

झालं होतं? मंडळी, अंगणातली जीप रिकामी होती! कुठल्या घाटात रिकामी जीप कधी कोणी पाहिलीय का?

भाऊबीजेची सकाळ उजाडली. चिमाबाई जाणार म्हटल्यावर कारवीमाळच्या जेवढ्या लेकी खालच्या गावांत दिलेल्या, तेवढ्या सगळ्या फाट्यावर हजर! किती? सतरा! प्रत्येकीच्या हातात ओवाळणीचं ताट. पाच पुढं, दहा मागं, दोघी बॉनेटवर. आणि त्या दिवशी मलाही वर कीर्तनाला जायचं होतं. अठरावा मी! जागा कुठं मिळाली म्हणता? स्टेपनीशेजारी. कोंबडीनं जरा सरकून घेतलं.

निघाली जीप. पहिलं वळण आलं. हैबतीनं स्टेअरिंग पुरतं मारलं आणि पुढचं चाक एका धोंड्यावर चढलं — धाड! कर्रकन टायरनं मडगार्ड चावलं! ओझ्यानं जीप खाली बसलेली, चाक बाहेर आलेलं, वळताना त्याचा घेर मोठा. ते मडगार्डच्या कोपऱ्यात असं रुतलं की जीप ना वळेना, ना सरळ होईना. एक चाक दरीच्या काठावर! बॉनेटवरच्या दोघींनी एकमेकींच्या गळ्यात हात टाकले. ताटातली एक सुपारी घरंगळली आणि दरीत गेली. तिचा आवाज आलाच नाही, मंडळी. आम्ही वाट बघितली. आलाच नाही!

सगळे हळूच उतरले. हैबतीनं जीप उलटी घेत कशीबशी फाट्यावर आणली आणि चाकाशी बसून रडायला लागला. मोठा बाप्या! म्हणाला, "आत घेतलं तरी घासतंय, बाहेर काढलं तरी घासतंय. आये, देवाच्या मनातच नाही. चल, माळावर जाऊ, डोंगराला ओवाळ."

चिमाबाईनं वर बघितलं. कड्यावर मुंगीएवढा बुधाजी येऊन बसला होता. उपाशी.

आता मंडळी, इथं मी पुढं झालो! दुसरं कोण होणार? मी म्हटलं, "हैबती, ऊठ! तू रिकाम्या जीपचं माप घेतलंस. रिकाम्या जीपचं माप खोटं! बसा गं बायांनो सगळ्या, परत बसा!" बसल्या सतराच्या सतरा. मी म्हटलं, "पुढचं चाक धोंड्यावर चढव. स्टेअरिंग पार टोकापर्यंत फिरव. आता बघू, कुठं किती घासतंय!" वाकून बघितलं. बाहेर चाक मडगार्डात अर्धा इंच घुसलेलं. मग दुसऱ्या टोकाला फिरवायला लावलं आणि आत हात घातला. आत स्प्रिंगपाशी चांगली दोन बोटं जागा मोकळी! म्हणजे काय? चाक एक इंच आत घ्या. बाहेरचं सुटतं, आणि आत बोटभर उरतं!

मग मी एक उदबत्ती काढली. तीन इंची रिम पालथी घातली, वर लाटणं आडवं ठेवलं, उदबत्ती बैठकीपर्यंत सोडली आणि नखानं खूण केली. त्याच्यावर एक इंच वाढवून दुसरी खूण केली. म्हटलं, "बशीरभाई, या दुसऱ्या खुणेएवढी खोल रिम शोध!"

बशीरभाईनं दुकानातला ढीग उपसला. एकेका रिमवर लाटणं, एकेकीत उदबत्ती. ही खोल! ही उथळ! आणि ढिगाच्या अगदी तळाशी सापडली. एक नाही, चार! टेप लावली. चार इंच, बरोबर! बशीरभाई म्हणाला, "पंचवीस वर्षं टायर विकतोय, पण गिऱ्हाईक जीपमध्ये बसवून माप घ्यायचं मला नाही सुचलं कधी!"

चाकं चढली. परत सगळ्या बसल्या, परत धोंडा, परत टोकापर्यंत स्टेअरिंग. आवाज नाही! आत बोटभर, बाहेर बोटभर, चाक आपल्या जागेवर.

आणि दुपार कलायच्या आत जीप कारवीमाळला पोचली! मी या डोळ्यांनी पाहिलं, मंडळी! बुधाजी कड्याच्या काठावर पाठमोरा बसलेला, खाली माळाकडं बघत. बहीण आज दिसत कशी नाही म्हणून पटका हातात धरून बसलेला. चिमाबाई मागनं गेली. नुसतं बोट कुंकवात बुडवलं आणि मागनंच त्याच्या कपाळाला लावलं. म्हातारा वळला नाही. म्हणाला, "चिमे, हात गार पडलाय गं तुझा. जेवली न्हाईस जणू."

…थांबा, पेटीवाले. एवढं पोटात उतरू द्या.

आता तुमच्याकडं येतो! सुटलात असं समजू नका. पोरगा शिकून मोठा झाला, कोणी सोसायटीचा चेअरमन झाला, कोणाला सून आली — म्हणजे टायर मोठं झालं! पण रिम? रिम जुनीच! मग घरात करकर सुरू. आणि करकर झाली की लगेच दुसरं टोक, सगळाच बाहेर! आणि माप कधी घेता? एकटे असताना. रिकामे असताना! एकटा माणूस सगळ्यांनाच साधू वाटतो, स्वतःला तर फारच. माप घ्यायचं, तर सगळी माणसं अंगावर बसलेली असताना घ्या. एक चाक संकटावर चढलेलं असताना घ्या. तेव्हा बघा, आपण कोणाला घासतोय, आणि मग बोटभर आत या! जो स्वतःच्या जागेबाहेर येतो, तो…

काय आजी? का उठलात? मघापासून खोकताय. पाणी द्या रे आजींना.

काय म्हणता? मोठ्यानं बोला, मला कमी ऐकू येतं.

"म्हटलं, उदबत्ती कुठली आणलीत बुवा? केरसुणीची काडी होती ती! माझ्या घरच्या केरसुणीची."

…आजी, आपण कुठल्या?

"नातीकडं आलेय पाव्हणी. आंबेफाट्याची हाय मी. चिमाबाई केंगले."

ऑ?

"आन माप घेतलं ते मी. बायांना परत बसवलं ते मी. तुमी पहिल्याच वळणावर उडी टाकून जे पळालात, ते चहाच्या टपरीत डोळे मिटून बसलात. 'म्होरल्या जीपनं येतो' म्हणालात. म्होरली जीप हुती कुठं? अकरा वर्षांत ती पहिली जीप! रातच्याला मी परत आले, तवा माझ्याच ताटातले लाडू खात ही समदी गोष्ट माझ्याकडनं ऐकलीत की!"

मंडळी, हसू नका. शांत राहा. आजी… निदान कोंबडीचं तरी…

"कोंबडीचं खरं हाय. पिल्लं नऊ हुती."

ऐकलंत? ऐकलंत ना! कोंबडीचं खरं आहे!

"व्हय. पर बुवा, तुमचं चाक लई भायेर आलंया. घ्या की जरा बोटभर आत!"

…पेटीवाले, बघताय काय? भैरवी धरा!