गोल विहिरीतला जागल्या

(जळगावचं मेहरूण तळं, १९७८. रजेवर आलेला तोताराम पाण्यातून नुकताच बाहेर आलाय. काठावर आई बेबाबाई आणि वडील भाईदास.)

बेबाबाई : जठून गया, तठेच परत उना.

तोताराम : माय, मी सरळच निघालो होतो.

भाईदास : पन बुडना का? नही ना. धरणगावनी विहीरमा मी शिकाडेल शे त्याले.

तोताराम : बुडत नाही आबा, गोल जातो. तिकडं ट्रेनिंगला, पोहायच्या हौदात, उस्तादांनी शिट्टी मारली. सगळे पलीकडं पोचले आणि मी दोघांना वळसा घालून परत उस्तादांच्या पायाशी. म्हणाले, तेलाच्या घाण्याला जुंपत होते का रे तुला? सोमवारी पुन्हा परीक्षा. पुन्हा गोल गेलो तर घरी पाठवतील.

भाईदास : एवढं मोठं तटरक्षक दल, न् त्यासनाकडे एक विहीर नही?

तोताराम : आबा, दल मागच्या साली निघालं. बोटी नौदलाच्या जुन्या, शिकवायची जागा नौदलाची, हौद त्यांचाच. आमची म्हणायला टोपी तेवढी.

बेबाबाई : न् तुमी पारवर बशीसन बठ्ठा गावले सांगं, पोऱ्या समुद्रना जागल्या व्हयना, राखन करस.

भाईदास : सांगं. पेढाबी वाटात. रतनलाल शेठनी इचारं, समुद्रले कुलूप कोठे लावतस? मी सांगं, पोऱ्या रजावर उना का इचारी लिसू.

तोताराम : चेष्टा नको आबा. मला तिथंच राहायचंय. खरंच राहायचंय.

भाईदास : मी कोठे चेष्टा करी ऱ्हायनू? माले झोप नही दोन रात.

बेबाबाई : तुमी त्याले शिकाडं, तवय कोठे बसेत?

भाईदास : विहीरनी पायरीवर. सांगं, मन्हाकडे पाहात ऱ्हाय, मंग बुडाव नही.

बेबाबाई : तेच ते. हाऊ आजबी तुमनाकडे पाहीसन पव्हस. मान जठे, आंग तठे.

तोताराम : हौदात आबा कुठं होते?

बेबाबाई : मान तर व्हती ना. तिले सवय लागनी.

भाईदास : मंग मी त्या पलीकडनी बाभूयखाले जास. समोर उभा ऱ्हास.

तोताराम : आणि सोमवारी समोर कोण?

भाईदास : ...बरं. मंग पाठ करीसन उभा ऱ्हास. तू बाभूयकडे पाहाय. मन्हं तोंडच दिसाव नही.

बेबाबाई : न् तो बुडना तर?

भाईदास : तू शे ना वरडाले.

बेबाबाई : जा मंग. (थोड्या वेळानं, पलीकडे हाक मारत) पोचनात का? उडी मारी त्यानी. अहो, फिरू नका.

भाईदास : नही फिरनू. कोठे शे?

बेबाबाई : डावीकडे जाई ऱ्हायना. ...नही, परतना. मधमा म्हैस शे. ...म्हैसच बाजूले सरकनी.

भाईदास : न् आते?

बेबाबाई : आते माले काय इचारतस? मी डोया मिटी लिन्हात.

भाईदास : अगं, मंग पाही कोन ऱ्हायनं त्याले?

तोताराम : आबा.

भाईदास : कोन शे?

तोताराम : मीच. बाभळीला हात लावलाय. आता वळा.