अर्ध्या बाह्यांचा सदरा

पंच्याऐंशी सालचा हिवाळा. पोलादपूर स्टँडवर महाडच्या गाडीच्या रांगेत उभा होतो. माझ्या मागे कुडपण गावचं एक वयस्कर जोडपं होतं.

"अवो, एवढ्या थंडीत ह्यो अर्ध्या बाह्यांचा सदरा कशाला?"

"सकपाळ वकील वारले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला चाललोय ना गो."

"म्हणून कुडकुडत जायाचं?"

"आंबेनळी घाटात ट्रक उलटून माझा पंजा गेला, त्या भरपाईच्या केशीला मी लांब बाह्यांचा सदरा घालून गेलतो. आठवतंय?"

"मीच धुवून दिलावता. म्हटलं, जज्जसायबासमोर बरं दिसावं."

"वकील बाहेर येऊन असे तापले! 'जानू, दुखणं झाकून न्याय मागायला आलास?' पुढच्या तारखेला त्यांनी स्वतः माझी बाही दुमडली."

"एवढं का वो?"

"त्यांच्या बापाची बोटं भातगिरणीत गेलेली. कोर्टात बापानं लाजेनं हात उपरण्याखालीच धरला. सायबाला काय दिसलंच नाय. केस हरले. त्याच दिवशी ठरवलं म्हणाले, वकील व्हायचं."

"मला कदी बोलला नाय तुमी ह्ये."

"काय तोंडानं बोलू? केस जिंकली, आन् घरी येऊन मी परत बाही खाली केली. बारा वर्षं."

"गाडी लागली बगा. आणा ती पिशवी हिकडं."

"नको. माझ्या ह्या तुटक्या हाताला अडकव."