गळका डबा

भाईंदर स्टेशनबाहेर समुद्राकाठच्या चौक गावाला जाणाऱ्या बसची रांग काही हलेना. शाळेतून घरी निघालेल्या पंचशीलाच्या पुढे एक काका नवाकोरा पत्र्याचा डबा छातीशी धरून उभे होते आणि त्यांची बायको त्या डब्याकडे सवतीकडे बघावं तशी बघत होती.

“नोरा, काल सोलर पॅनल दुपारीच पार मावळतीला कलंडलं. बॅटरी अर्धीच भरली.”

“मग मी काय करू?”

“पॅनलला टांगलेला डबा थेंब थेंब गळतो, हलका होतो, तसं पॅनल सूर्यामागं वळतं. त्यातलं पाणी कुणी काढलं?”

“भात कशात शिजवू, ह्युबर्ट? नळाला पाणी दिवसाआड, आन तुमी ते भोकातून गाळताय!”

“रविवारी मॅच हाय! लाइट गेली तरी टीव्ही दाखवतो, असं अख्ख्या गावाला सांगून बसलोय.”

“मग सगळ्यांना एकेक कळशी आणायला सांगा.”

“मस्करी न्हाय, नोरा. माझी इज्जत जाईल.”

“बरं, मला सांगा, आपल्या दारात काय हाय?”

“काय हाय? समुद्र.”

“आन त्यात काय असतं?”

काकांनी डबा उलटा करून तळाशी बोट फिरवलं. पंचशीलाने हसू आवरायला दप्तराचा पट्टा दातांत धरला.

“खाऱ्या पाण्यानं डबा गंजंल ना पण.”

“म्हणून तर सकाळी सांगितलं होतं, प्लास्टिकचा घ्या.”