गाडी नावावर करायची तर

चूक पप्पांचीच, हे आधीच सांगून ठेवतो. मी कॉलेज सोडलं तेव्हापासून आल्या-गेल्यासमोर मला ‘वाया गेलेला’ म्हणणारा हा माणूस. मला, म्हणजे सचिनला, नोकरी लागली, तर एकदम म्हणाला, "कार तुझ्या नावावर करून टाकू. बसने किती हाल करशील?"

गेलो विम्याच्या एजंटकडे. एजंट म्हणाला, "काका, आरटीओचं काही नाही, ते होऊन जाईल. पण इतकी वर्षं तुम्ही एकही क्लेम घेतला नाही, म्हणून हप्त्यात निम्मी सूट मिळते. ती तुमची आहे, गाडीची नाही. नाव बदललं की या भाईला ती मिळणार नाही."

पप्पांचं तोंड उतरलं. रस्त्यावर कुत्रं दिसलं तरी गाडी थांबवून कमावलेली सूट होती ती.

"पोराला देताच येत नाही का?"

"येते ना. पण तुम्ही गेल्यावर. वारसाला मिळते."

दुसरा कोणी असता तर चिडला असता. पप्पा विचारात पडले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग थांबून घे ना, भाऊ. मला शुगर आहे, बीपी आहे. उगाच पैसे कशाला घालवतो?"

एजंट हसला. मला नाही हसू आलं.

"अक्कल आहे का तुम्हाला?" मी भर ऑफिसात ओरडलो, मोबाइल काढला आणि तिथल्या तिथे हप्त्यातला फरक भरून टाकला.

घरी येईपर्यंत पप्पा बडबडत होते, "याला पैशाची किंमतच नाही."

बाप जिवंत असताना त्याची गाडी घ्यायचे मला साडेचार हजार जास्त पडले.